मॅनेज्ड स्विचवर पीएफसी लावताना: पायऱ्यांचा क्रम, बफरचा हिशोब आणि नेहमीच्या चुका

स्विचवर पीएफसी (प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल, म्हणजे पॅकेट गळू नयेत म्हणून समोरच्याचं ठरावीक ट्रॅफिक थोडा वेळ थांबवणारी यंत्रणा) चालू करायला पोर्टमागे एखादी ओळ पुरते आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो. ओळ टाइप होते, पोर्टची स्थिती ‘ऑन’ दिसते आणि काम झालं असं समजून माणूस पुढच्या कामाला लागतो. मग खरा लोड आला की एक तर पॅकेट पूर्वीसारखीच गळत राहतात, नाहीतर एका बिघडलेल्या सर्व्हरपायी निम्मं नेटवर्क थिजतं. दोन्हींच्या मुळाशी चूक एकच असते. जे पाऊल जवळजवळ शेवटी टाकायचं, ते सगळ्यात आधी टाकलेलं असतं.

कमांडचं रूप कंपनीगणिक बदलतं. म्हणून कशाच्या आधी काय ठरवायचं, आकडे कसे काढायचे आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढंच इथे सांगतो. उदाहरणं रोसी आवृत्ती २ या आरडीएमए ट्रॅफिकची आहेत, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याच्या मेमरीत नेटवर्कवरून थेट वाचण्या-लिहिण्याची. एफसीओई (इथरनेटवरून जाणारं फायबर चॅनल स्टोरेज) असेल तरी क्रम हाच, फक्त तिथे वर्गीकरण आयपी हेडरमधल्या डीएससीपी या खुणेऐवजी व्हीलॅन टॅगमधल्या प्राधान्यावर करावं लागतं.

## सुरुवातीआधी: यंत्रणा नेमकं काय करते

जुनी ८०२.३एक्स पॉज यंत्रणा आख्खी लिंक थांबवते. ८०२.१क्यूबीबी म्हणजे पीएफसी तेच काम आठ प्राधान्यांपैकी हव्या त्याच प्राधान्यापुरतं करते. पोर्टवर आत येणाऱ्या ट्रॅफिकने बफरमधली ठरलेली पातळी, म्हणजे एक्सऑफ, ओलांडली की स्विच समोरच्या उपकरणाला एक छोटी फ्रेम पाठवतो. कोणती प्राधान्यं थांबवायची त्याचा आठ खुणांचा नकाशा आणि प्रत्येक प्राधान्याचा वेगळा टायमर त्या फ्रेममध्ये असतो. टायमरचं एकक क्वांटा, म्हणजे त्या वेगाला ५१२ बिट पाठवायला लागणारा वेळ. सगळ्यात मोठी किंमत ६५,५३५. ती १० गीगाबिटवर सुमारे ३.३६ मिलिसेकंद होते आणि १०० गीगाबिटवर सुमारे ३३६ मायक्रोसेकंद. बफर उतरला की शून्य टायमरची फ्रेम जाते आणि वाट मोकळी होते.

ही फ्रेम फक्त शेजारच्या उपकरणापर्यंत जाते, स्विच ती पुढे पाठवत नाही. त्यामुळे पीएफसी ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सोय नसून लिंकमागून लिंक अशी जोडलेली साखळी आहे. वाटेतल्या एका पोर्टवर सेटिंग चुकली की पॅकेट नेमकी तिथेच गळणार.

गरज आहे का, हेही आधी विचारा. साधं टीसीपी ट्रॅफिक, व्हॉइस, व्हिडिओ, बॅकअप यांना पीएफसी लागत नाही. टीसीपी गळतीवरूनच आपला वेग ठरवतं आणि व्हॉइसला थांबवून ठेवणं हे पॅकेट गळण्यापेक्षा वाईट. ‘व्हॉइसला प्राधान्य द्यायचंय’ एवढीच मागणी असेल तर क्यूचं वेळापत्रक पुरतं. हा लेख तुमच्यासाठी नाही.

## टप्पा १: यादी करा, कॉन्फिगरेशनला हात लावू नका

वाटेतल्या प्रत्येक लिंकची एक ओळ लिहा: दोन्ही टोकांचं उपकरण, पोर्ट, वेग, केबलची लांबी, एमटीयू (सगळ्यात मोठ्या पॅकेटचा आकार), फर्मवेअर आवृत्ती आणि सध्याची पॉज सेटिंग. केबलची लांबी कशाला, असं वाटेल. टप्पा ५ मध्ये ती थेट हिशोबात येते. ‘रॅकमधली’ आणि ‘दुसऱ्या इमारतीतली’ असं मोघम लिहू नका, मीटर लिहा.

लॅग (अनेक पोर्टांचं एकत्र बांधलेलं बंडल) असेल तर त्यातला प्रत्येक प्रत्यक्ष पोर्ट वेगळा लिहा. पीएफसी प्रत्यक्ष पोर्टवर चालते. बंडलला लावलेली सेटिंग सगळ्या सदस्य पोर्टांवर उतरली असेल असं गृहीत धरलं की हमखास एखादा पोर्ट सुटलेला निघतो. तोही बहुतेक नंतर जोडलेला.

स्विचच्या माहितीपत्रकातून तीन गोष्टी शोधा: एकूण पॅकेट बफर किती, किती लॉसलेस वर्ग (ज्यांतली पॅकेट गळू द्यायची नाहीत असे) चालतात आणि बफर सगळ्या पोर्टांत सामायिक आहे की तुकड्यांत वाटलेला. काही चिपमध्ये बफर पोर्टांच्या गटांत विभागलेला असतो. तिथे एकूण आकडा बघून केलेला हिशोब फसतो.

तपासा: कोणत्याही पोर्टवर ८०२.३एक्स पॉज चालू नाही ना? एकाच पोर्टवर दोन्ही यंत्रणा चालत नाहीत, आणि काही नेटवर्क कार्डांवर जुनी पॉज कारखान्यातूनच चालू येते. लिनक्सवर ‘ईथटूल’च्या पॉज पर्यायाने ती दिसते आणि बंदही करता येते.

## टप्पा २: लॉसलेस वर्ग एकच ठेवा

आठ प्राधान्यं आहेत म्हणून आठही लॉसलेस करायची नसतात. प्रत्येक लॉसलेस वर्ग प्रत्येक पोर्टवर राखीव बफर खातो आणि उरलेल्या सगळ्यांचा सामायिक साठा तेवढा आटतो. एक वर्ग पुरेसा असतो. दोन हवे असतील तर त्याचं ठोस कारण लिहून ठेवता आलं पाहिजे.

रूढ मांडणी अशी. डेटा प्राधान्य ३ वर, डीएससीपी २६. गर्दीची सूचना देणारी सीएनपी पॅकेट प्राधान्य ६ वर, डीएससीपी ४८, आणि तो वर्ग लॉसलेस नाही. बाकी सगळं प्राधान्य ० वर. आकडे वेगळे घेतले तरी बिघडत नाही, मात्र ते सगळीकडे तेच हवेत.

सावधान: प्राधान्य ० लॉसलेस करू नका. ज्याला कुणी खूण लावलेली नाही ते सगळं ट्रॅफिक तिथे पडतं. एखाद्या सर्व्हरची रात्रीची फाइल कॉपी मग अख्ख्या स्टोरेजला थांबवू शकते. प्राधान्य ७ तर नकोच, राउटिंग आणि इतर नियंत्रण पॅकेट थांबली तर लिंक असूनही शेजारी हरवतो.

## टप्पा ३: वर्गीकरण – सर्वाधिक चुका इथे

पॅकेट कोणत्या वर्गाचं, हे प्रत्येक उपकरणाने एकाच पद्धतीने ओळखायला हवं. दोन मार्ग आहेत: व्हीलॅन टॅगमधली तीन बिटं किंवा आयपी हेडरमधली डीएससीपीची सहा बिटं. रोसी आवृत्ती २ साठी डीएससीपीच घ्या. टॅग राउटरच्या उडीवर गळून पडतो, शिवाय नेटिव्ह व्हीलॅनमध्ये तो नसतोच. मग स्विच त्या पॅकेटला प्राधान्य ० देऊन मोकळा होतो. डीएससीपी मात्र पॅकेटसोबत शेवटपर्यंत जातो. (पीएफसीच्या स्वतःच्या फ्रेमला टॅग लागत नाही. ‘व्हीलॅन नाही म्हणजे पीएफसी नाही’ हा निव्वळ गैरसमज आहे.)

पोर्टवर विश्वास कशावर ठेवायचा, ही सेटिंग सर्व्हरकडच्या पोर्टांवर आणि स्विच-स्विच जोडणाऱ्या पोर्टांवर सारखी हवी. त्यानंतर नकाशे येतात: डीएससीपीवरून आतला वर्ग, आतल्या वर्गावरून क्यू, आतल्या वर्गावरून आत येणाऱ्या बाजूचा बफर गट, आणि पीएफसी प्राधान्यावरून क्यू. शेवटचे दोन नकाशे लोक विसरतात. ते जुळत नसतील तर प्राधान्य ३ चा पॉज येतो पण थांबते क्यू ४, आणि काउंटरमध्ये सगळं आलबेल दिसतं.

सर्व्हरच्या बाजूला एक चूक इतकी वारंवार होते की ती आकड्यांनिशीच पाहू. आरडीएमएच्या बऱ्याच साधनांत डीएससीपी नाही, टॉस बाइट भरायचा असतो. टॉस म्हणजे डीएससीपीची सहा बिटं आणि त्यांच्या उजवीकडे ईसीएनची, म्हणजे गर्दीच्या खुणेची, दोन. म्हणजे डीएससीपी २६ साठी टॉस २६ गुणिले ४, अर्थात १०४, आणि ईसीएनची खूण धरून १०६. कुणी तिथे सरळ २६ भरलं तर त्या बाइटचा डीएससीपी ६ होतो. नेहमीच्या नकाशात ६ म्हणजे प्राधान्य ०. सर्व्हर म्हणतो मी २६ लावलंय, स्विच म्हणतो माझ्याकडे प्राधान्य ३ वर काहीच येत नाही. दोघांचंही खरं असतं.

तपासा: पीएफसी अजून बंदच ठेवा. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चाचणीचं आरडीएमए ट्रॅफिक सोडा आणि वाटेतल्या प्रत्येक स्विचवर क्यूचे काउंटर बघा. सगळी वाढ क्यू ३ मध्येच दिसली पाहिजे. उलट दिशेनेही करा. एखाद्या उडीवर क्यू ० वाढत असेल तर तिथेच थांबा, कारण वर्गीकरण चुकलेलं असताना पुढचे सगळे टप्पे व्यर्थ आहेत.

खातरजमेसाठी सर्व्हरवर ‘टीसीपीडंप’ लावून बसू नका. आरडीएमए ट्रॅफिक कर्नलला वळसा घालून जातं, ते नेहमीच्या पकडीत सहसा दिसत नाही. पीएफसीच्या फ्रेम तर नेटवर्क कार्ड स्वतःच गिळतं. पॅकेटचा डीएससीपी बघायचा असेल तर स्विचवर पोर्ट मिररिंग करा आणि यूडीपी पोर्ट ४७९१ वर गाळणी लावा.

## टप्पा ४: क्यू आणि बँडविड्थ

ईटीएस म्हणजे ८०२.१क्यूएझेड मानकातली बँडविड्थ वाटणी. लॉसलेस वर्गाला हमीचा वाटा द्या, उरलेल्यांना उरलेला, आणि सीएनपीच्या क्यूला कडक प्राधान्य. सीएनपी पॅकेट संख्येने थोडी आणि आकाराने छोटी असतात, पण ती उशिरा पोचली तर पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याची सूचनाच उशिरा मिळते.

लॉसलेस डेटाला कडक प्राधान्य देऊ नका, बाकीचं ट्रॅफिक उपाशी मरतं. या वर्गावर पोलिसर किंवा वेगमर्यादाही लावू नका. पोलिसर पॅकेट टाकून देतो, मग पीएफसी असून नसून सारखीच. जुन्या क्यूओएस पॉलिसीत असा पोलिसर दडलेला असतो, म्हणून नव्या पॉलिसी लावण्याआधी जुन्या नीट वाचा.

एमटीयू या टप्प्यावर सगळीकडे एक करून घ्या. एफसीओईची पूर्ण फ्रेम २,१०० बाइटांच्या पुढे जाते, तिथे नेहमीचा १,५०० चा एमटीयू चालत नाही.

## टप्पा ५: हेडरूमचा हिशोब

पॉजची फ्रेम पाठवली म्हणजे समोरचा त्याच क्षणी थांबला असं होत नाही. तो थांबेपर्यंत जेवढा डेटा येत राहतो तो साठवायला एक्सऑफच्या वरची राखीव जागा लागते. तीच हेडरूम. ती अपुरी असेल तर पीएफसी चालू असूनही पॅकेट गळतात, आणि ‘पीएफसी काम करत नाही’ अशी तक्रार येते.

वाटेत काय काय येतं ते क्रमाने बघा. पॉज पाठवायचं ठरलं, पण त्याच पोर्टवरून एक मोठी फ्रेम निघालेली आहे, ती संपेपर्यंत पॉजला थांबावं लागतं. मग पॉज केबलमधून जातो. समोरचा तो वाचतो आणि अंमल करतो, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात त्याची एक फ्रेम अर्धी बाहेर पडलेली असते, ती तो पूर्ण करतो. आणि केबलमध्ये जे वाटेत होतं तेही येऊन पोचतं.

१०० गीगाबिटची लिंक, ३० मीटर केबल आणि ९,२१६ बाइटांचा एमटीयू घेऊ. या वेगाला एका नॅनोसेकंदात १२.५ बाइट येतात. केबलमध्ये मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद धरायचे.

केबलचं जाणं-येणं: ३० × ५ × २ = ३०० नॅनोसेकंद, म्हणजे ३,७५० बाइट.
दोन्ही टोकांची एकेक मोठी फ्रेम: १८,४३२ बाइट.
समोरच्याचा प्रतिसाद: १०० गीगाबिटसाठी कमाल ३९४ क्वांटा धरतात. एक क्वांटा ६४ बाइटांचा, म्हणजे २५,२१६ बाइट.

बेरीज ४७,३९८ बाइट, ढोबळमानाने ४८ हजार. ही एका पोर्टच्या एका लॉसलेस वर्गाची जागा झाली. ३२ पोर्टांच्या स्विचवर एका वर्गासाठी दीड एमबीच्या वर, दोन वर्गांसाठी तीन एमबी. स्विचचा बफर १६ एमबी असेल तर जवळजवळ पाचवा हिस्सा नुसता राखीव गेला. टप्पा २ मध्ये एकच वर्ग ठेवा असं म्हटलं ते यासाठी.

आता तीच केबल ३०० मीटरची करा. केबलचा भाग ३७,५०० बाइट होतो आणि बेरीज ८१ हजारांच्या पुढे जाते. १० किलोमीटरवर नुसता केबलचा भागच साडेबारा लाख बाइट होतो. लांब पल्ल्याच्या लिंकवर पीएफसी लावायची मागणी आली की वाद घालत बसू नका, हा आकडा समोर ठेवा.

वरचा हिशोब बाइटांत आहे, चिप मात्र बफर सेलमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या छोट्या कप्प्यांत, मोजते. सेलपेक्षा थोडं मोठं पॅकेट दोन सेल अडवतं, छोटं पॅकेटही एक पूर्ण सेल अडवतं. तुमच्या ट्रॅफिकमध्ये छोटी पॅकेट बरीच असतील तर हेडरूम त्या प्रमाणात वाढवा. बरेच स्विच वेग आणि केबलची लांबी दिली की हेडरूम स्वतः काढतात. तसं असेल तर लांबी खरी भरा. न भरल्यास तो आपली ठरावीक किंमत धरतो, आणि ती तुमच्या केबलची नसते.

एक्सऑफची पातळी स्थिर ठेवता येते किंवा सामायिक साठ्यात मोकळ्या असलेल्या जागेच्या प्रमाणात. हे प्रमाण म्हणजे अल्फा. अल्फा एक-अष्टमांश आणि मोकळी जागा ८ एमबी असेल तर एक्सऑफ १ एमबीवर. मोकळी जागा ८०० केबीवर आली की तोच एक्सऑफ १०० केबीवर येतो. हा आकडा पुढच्या टप्प्यात लागेल.

सावधान: बफरची वाटणी बदलताना काही स्विच सगळ्या पोर्टांचं ट्रॅफिक क्षणभर तोडतात, काही रीस्टार्ट मागतात. हे काम देखभालीसाठी ठरवलेल्या वेळेतच करा.

## टप्पा ६: ईसीएन आधी, पीएफसी नंतर

पीएफसी हा आणीबाणीचा ब्रेक आहे. रोजची गर्दी ईसीएनने हाताळायची. स्विच पॅकेटवर खूण करतो, घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याला सीएनपी धाडतो आणि पाठवणारा वेग उतरवतो. ही साखळी नीट चालली तर पीएफसीच्या फ्रेम क्वचितच निघतील.

त्यासाठी ईसीएनची किमान पातळी एक्सऑफच्या खाली हवी. सांगायला सोपं, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ईसीएन बाहेर जाणाऱ्या क्यूची लांबी बघतो, पीएफसी आत येणाऱ्या पोर्टाने अडवलेला बफर. आठ पोर्टांवरून एका पोर्टाकडे गर्दी झाली तर क्यू एकच भरते, पण तिचा भार आठ पोर्टांच्या नावावर वाटला जातो. तिथे ईसीएन आपसूक आधी लागतो. खरी कसोटी एका पोर्टावरून एका पोर्टाकडे जाणाऱ्या ट्रॅफिकची, कारण तिथे दोन्ही आकडे सारखे असतात. पातळ्या याच स्थितीसाठी जुळवा.

१०० गीगाबिटला किमान पातळी १५० केबीच्या आसपास ठेवून सुरुवात करतात. वरच्या उदाहरणात साठा रिकामा असताना एक्सऑफ १ एमबीवर होता, तेव्हा सगळं ठीक. साठा भरत आला आणि एक्सऑफ १०० केबीवर उतरला की क्रम उलटतो: ईसीएनची खूण लागण्याआधीच पॉज निघतो. म्हणजे नेमकी ज्या वेळी ईसीएनची गरज, त्याच वेळी तो मागे पडतो. उपाय दोन: किमान पातळी उतरवा, किंवा लॉसलेस वर्गाचा अल्फा वाढवून सर्वसाधारण वर्गाचा कमी करा, म्हणजे साठा टीसीपीने भरणार नाही. दुसरा उपाय मला जास्त पटतो. पहिल्यात वेग विनाकारण उतरण्याचा धोका राहतो.

तपासा: ईसीएन दोन्ही टोकांच्या नेटवर्क कार्डांवर त्याच प्राधान्यासाठी चालू आहे? स्विच खूण करत असेल आणि सर्व्हरवर सीएनपीचे काउंटर शून्य असतील तर सूचना कुणी वाचतच नाहीये.

## टप्पा ७: आता पीएफसी चालू करा

आधी स्विच-स्विच लिंक, मग सर्व्हरकडचे पोर्ट, शेवटी सर्व्हर. सर्व्हर आधी केलात तर तो पॉज मानायला तयार असतो, पण स्विच पाठवत नाही, आणि त्याने पाठवलेला पॉज स्विच झुगारून देतो. दोन्ही टोकं तीन गोष्टींवर जुळायला हवीत: पीएफसी चालू, प्राधान्य ३ लॉसलेस, बाकी सात लॉसलेस नाहीत. हे ‘बाकी सात’ स्पष्ट लिहा, गृहीत धरू नका.

मग प्रश्न डीसीबीएक्सचा. हा एलएलडीपीवर (शेजारच्या उपकरणांना एकमेकांची ओळख देणाऱ्या प्रोटोकॉलवर) स्वार होऊन दोन टोकांमध्ये सेटिंग जुळवतो. सोय चांगली, पण फसवी. आवृत्त्या दोन आहेत, जुनी सीईई आणि नंतरची आयईईई. एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरी असेल तर ‘ऑटो’वर ठेवलेली पीएफसी मुकाट्याने बंद राहते. दुसरा घोळ ‘विलिंग’ बिटाचा. तो लावलेलं टोक समोरच्याची सेटिंग स्वीकारतं. नेहमीची मांडणी म्हणजे सर्व्हर विलिंग, स्विच नाही. दोन्ही विलिंग असतील तर कोण जिंकणार हे मॅक पत्त्यावर ठरतं, म्हणजे तुमच्या हातात काहीच राहत नाही.

तिसरा घोळ शोधायला सगळ्यात अवघड. काही नेटवर्क कार्डांच्या फर्मवेअरमध्ये स्वतःचा एलएलडीपी एजंट असतो. तो फ्रेम मध्येच गिळतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला एजंट ‘शेजारी दिसत नाही’ म्हणत राहतो. दोनपैकी एकच ठेवा.

सर्व्हर मोजके आणि सेटिंग कायमची असेल तर माझा कौल सरळ आहे: पीएफसी दोन्ही टोकांना हाताने ‘ऑन’ करा आणि सर्व्हरवर विलिंग बंद ठेवा. शेकडो सर्व्हर असतील तर सेटिंग ऑटोमेशनने उतरवा, डीसीबीएक्स नुसतं ताळा करायला वापरा.

तपासा: ठरवलेली आणि प्रत्यक्ष लागू झालेली, अशा दोन्ही स्थिती बघा. बरेच स्विच त्या वेगळ्या स्तंभांत दाखवतात. पहिल्यात ‘ऑन’ आणि दुसऱ्यात ‘ऑफ’ असेल तर वाटाघाटीत काहीतरी अडलंय.

## टप्पा ८: वॉचडॉग त्याच बैठकीत

हा टप्पा ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातो आणि मोठी फजिती करतो. एखादं नेटवर्क कार्ड बिघडून सतत पॉज पाठवत राहिलं तर त्याच्याकडची क्यू भरते, लीफ स्विच (सर्व्हर जोडलेला) स्पाइनला (लीफ स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या वरच्या स्विचला) थांबवतो, स्पाइन इतर लीफना, आणि ज्यांचा त्या सर्व्हरशी काही संबंध नाही तेही थांबतात. वॉचडॉग अशी अडकलेली क्यू हेरतो आणि ठरावीक वेळेनंतर तिच्यातली पॅकेट टाकायला लागतो. क्यू मोकळी झाली की पुन्हा लॉसलेस करतो.

ओळखण्याचा वेळ २०० मिलिसेकंदांपासून सुरू करा. फार कमी ठेवलात तर साध्या गर्दीतही पॅकेट गळतील, फार जास्त ठेवलात तर वॉचडॉगला जाग येईपर्यंत स्टोरेज टाइमआउट होईल. प्रत्येक वेळी वॉचडॉग सुटला की अलार्म यायला हवा. गुपचूप काम करणारा वॉचडॉग मूळ बिघाड झाकून टाकतो.

पॉजचं वर्तुळ तयार होऊन सगळे एकमेकांसाठी थांबतात, तो डेडलॉक वेगळा. लीफ-स्पाइन रचनेत वर गेलेलं पॅकेट खाली येऊन पुन्हा वर जात नाही तोवर असं वर्तुळ बनत नाही. लिंक तुटल्यावर राउटिंग वाकडी वाट काढत असेल तर ती बंद करा. लेयर २ वर आणखी एक सापळा आहे. एआरपीची (कोणत्या आयपीचा मॅक पत्ता कोणता) नोंद ४ तास आणि मॅक टेबलची (तो मॅक कोणत्या पोर्टवर) ५ मिनिटं, अशा मुदती बऱ्याच ठिकाणी मूळ सेटिंगमध्येच असतात. सर्व्हर गप्प झाला की मॅक पुसला जातो, एआरपी शाबूत राहतो आणि त्याच्यासाठीची लॉसलेस पॅकेट सगळ्या पोर्टांवर उधळली जातात. अशा उधळणीतून वर्तुळ बनू शकतं. एआरपीची मुदत मॅक टेबलपेक्षा कमी ठेवा.

## टप्पा ९: मुद्दाम गर्दी करा आणि काउंटर वाचा

सारख्या वेगाच्या दोन सर्व्हरांमधल्या एकास एक चाचणीत पीएफसी सहसा लागणारच नाही. तीन-चार सर्व्हरांवरून एकाच सर्व्हरकडे एकदम लेखन सोडा. मग असं दिसलं पाहिजे: ईसीएनच्या खुणा वाढतात, सीएनपी वाढतात, पॉज थोडे निघतात, आणि लॉसलेस वर्गातली गळती शून्य राहते.

पीएफसीची वेगळी परीक्षा घ्यायची तर ईसीएन तात्पुरता बंद करून तीच गर्दी करा. आता पॉज भरपूर निघतील, गळती मात्र तरीही शून्यच हवी. गळती आणि पॉज दोन्ही वाढत असतील तर हेडरूम अपुरी आहे किंवा समोरचा पॉज मानत नाहीये. गळती आहे आणि पॉज शून्य, तर बफर गटाचा नकाशा किंवा एक्सऑफ चुकलाय, टप्पा ३ कडे परत जा. चाचणी संपली की ईसीएन पुन्हा चालू करायला विसरू नका.

पॉजच्या काउंटरची दिशा उलटी वाचणं ही रोजची चूक. स्विचच्या पोर्टवर ‘टीएक्स’ वाढतोय म्हणजे स्विच समोरच्याला थांब म्हणतोय. ‘आरएक्स’ वाढतोय म्हणजे समोरचा स्विचला थांब म्हणतोय. मूळ शोधायचं तर आरएक्सचा माग काढा:

१. ज्या सर्व्हरची तक्रार आहे त्याच्या स्विचवर जा. कोणत्या पोर्टवर आरएक्स वाढतोय?
२. त्या पोर्टच्या पलीकडच्या उपकरणावर जा. तिथे कोणत्या पोर्टवर आरएक्स वाढतोय?
३. असंच पुढे जात राहा. ज्या उपकरणावर टीएक्स वाढतोय पण आरएक्स कुठेच नाही, तिथे साखळी संपते.

शेवटचं उपकरण स्विच असेल तर त्याच्या एखाद्या पोर्टवर खरोखर गर्दी आहे. तो सर्व्हर असेल तर तो सर्व्हर पॅकेट उचलायला हळू पडतोय: कार्ड कमी लेनच्या पीसीआयई स्लॉटमध्ये बसलंय, ड्रायव्हर अडकलाय किंवा कार्डच बिघडलंय. अशा वेळी नेटवर्कची सेटिंग बदलून काही होत नाही.

पॉजच्या फ्रेमची संख्या म्हणजे थांबलेला वेळ नव्हे. हजार पॉज निघाले आणि प्रत्येकामागोमाग शून्य टायमरची फ्रेम गेली तर थांबणं नगण्य. उलट पूर्ण टायमरच्या सेकंदाला तीन हजार फ्रेम १०० गीगाबिटची लिंक जवळजवळ सगळा वेळ थांबवून ठेवतात. पॉजचा कालावधी मोजणारा काउंटर उपलब्ध असेल तर देखरेखीत तोच घ्या.

## मागे फिरायचं असेल तर

उलटा क्रम लागतो. आधी सर्व्हरांवरचं लॉसलेस ट्रॅफिक थांबवा, मग सर्व्हरवर पीएफसी बंद करा, मग सर्व्हरकडचे पोर्ट, मग स्विच-स्विच लिंक, आणि बफरची वाटणी सगळ्यात शेवटी. हेडरूम आधी काढून घेतली आणि पीएफसी चालूच राहिली तर पॉज निघत राहतात आणि पॅकेटही गळतात, दोन्हीकडून नुकसान.

टप्पा १ ची यादी फेकू नका. केबल बदलली, पोर्टचा वेग २५ वरून १०० केला, एका पोर्टाचे चार केले, लॅगमध्ये सदस्य वाढवला, यांपैकी काहीही घडलं की त्या ओळीची हेडरूम पुन्हा काढायची आणि टप्पा ९ मधली गर्दीची चाचणी त्या लिंकपुरती पुन्हा करायची. फर्मवेअर बदलल्यावर सर्व्हरवरची विलिंगची सेटिंग आणि फर्मवेअरमधला एलएलडीपी एजंट या दोन गोष्टी आधी बघा, अपडेटमध्ये त्या मूळ स्थितीला परत जाऊ शकतात.